दोन्ही कर्ण

टेबल आधी कागदावर उभं राहिलं,
वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला,
ऋतुजाच्या बॉलपेनने.
चार बाय चार फूट. खाली पाण्याचा ट्रे, वर पूल,
पुलावरून इकडून तिकडे सरकणारी टॉर्च.
मी विचारलं, आणि माणूस कुठे उभा राहणार?
तिने पेन थोडा वेळ हवेत धरला,
मग कोपऱ्यात एक बारका गोल काढला.
इथं. जरा लांब.

अंबडच्या या गाळ्यात एकतीस वर्षं
मी गॅस कटरने प्लेटा कापल्या.
आता हात खडूची रेघ सोडतो.
डॉक्टर म्हणतो वय. मी म्हणतो ग्राइंडर.
उजव्या कानात कंपनीचा भोंगा अडकलाय तो अडकलाच,
कंपनीला कुलूप लागून सहा वर्षं झाली तरी.

निसारभाईच्या भंगारातून
किलोवर तोलून आणले चौकोनी पाइप,
मोडक्या पॅकिंग मशीनचे दोन रेल.
मोटारी मात्र पगारांच्या.
पगार हे आडनाव. आमचे जुने सुपरवायझर,
आम्ही म्हणायचो, महिन्याच्या एक तारखेला
हजर असणारा हा एकच पगार.
त्यांच्या बंद पडलेल्या एम्ब्रॉयडरी मशीनमधून
तीन स्टेपर मोटारी निघाल्या,
एकीच्या शाफ्टला जांभळा दोरा गुंडाळलेला.
तो मी काढला नाही.

फ्रेम जोडली शनिवारी, एमआयडीसीच्या सुट्टीत,
शेजारचा पॉवर प्रेस गप्प असताना.
दोरी घेऊन ऋतुजा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.
काका, दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत.
म्हटलं, बाई, माझेच नाहीत.
तिला कळायला जरा वेळ लागला.
मग दोरीचं टोक सुटेपर्यंत हसली
आणि माप पुन्हा घ्यावं लागलं.
चार मिलिमीटरचा फरक.
मधे फळी धरून घणाचे दोन ठोके.
एवढं मला अजून जमतं.

मग पंधरा दिवस नुसता वैताग.
टॉर्च पेटली की कंट्रोलर आंधळा व्हायचा,
आकडे शून्यावर, पूल जागच्या जागी,
आणि ज्योत एकाच ठिकाणी पत्रा खात बसलेली.
तिने जाळीच्या वायरी घातल्या,
रात्री अकरापर्यंत लॅपटॉपसमोर नखं खाल्ली.
मी गाळ्यामागे खड्डा खणला.
कोळसा, खडेमीठ, तांब्याचा रॉड,
वरून दोन बादल्या पाणी.
दुसऱ्या दिवशी आकडे हलले नाहीत.
ती म्हणाली, मिठाने?
म्हटलं, जमिनीने.

पहिला वॉशर अंड्यासारखा आला.
कडेला बारीक लाटा.
त्या लाटा मी ओळखल्या, बोललो नाही.
बेल्ट सैल होता. तिने आवळला.
दुसरा इतका गोल निघाला
की खिशात टाकून दिवसभर बोटांनी फिरवत राहिलो,
त्याची सुरुवात शोधत.

आज म्हणाली, काका, पत्र्यावर खडूने काहीतरी काढा.
काय काढू?
काहीही.
मी सरळ रेघ मारायला गेलो.
जशी येते तशी आली.
तिने मोबाइलवर फोटो घेतला, बराच वेळ माउस हलवला,
मला काळा चष्मा दिला.
टॉर्च खाली उतरली, ट्रेमधलं पाणी निळं झालं,
आणि यंत्र, जराही न थरथरता,
माझी थरथर कापत गेलं.
इथे मी अडखळलो होतो.
इथे श्वास घेतला होता.
इथे निसारभाईचा टेम्पो हॉर्न देत गेला होता.

मी डावा कान पुढे केला.
कट नीट असेल तर आवाज एकसारखा येतो,
एका दमात कापड फाडल्यासारखा.
तसाच येत होता.

तिने पट्टी चिमट्याने उचलली,
खालच्या कडेला स्लॅगची किनार.
ग्राइंडर मारू का?
राहू दे, म्हटलं,
आणि ट्रेमधलं पाणी बदलायला घेतलं.